ब्रॅडमनच्या कार्डावर काय लिहायचं?

बुक क्रिकेट कोणी शोधून काढलं माहीत नाही, पण महाराष्ट्रातल्या शाळांच्या मागच्या बाकांवर ते कोणी शिकवावं लागलं नाही. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. डावं पान नेहमी सम, म्हणजे आकडा 0, 2, 4, 6 किंवा 8. शून्य आलं की आऊट. 2, 4, 6 म्हणजे तितक्या धावा. आठचं काय करायचं यावर प्रत्येक वर्गाचा आपला कायदा. आमच्यात आठ म्हणजे डॉट बॉल.

आता हाच खेळ हिशोबाने बघू. पाचपैकी एक शक्यता आऊटची, म्हणजे सरासरी पाच चेंडूंत एक विकेट. त्या पाच चेंडूंत धावा 2 + 4 + 6, एकूण 12. अख्खा संघ 50 चेंडूंत, म्हणजे साडेआठ षटकांच्या आत, 120 धावांवर गारद. खऱ्या कसोटीत एका विकेटमागे साधारण 30 धावा आणि साठ-सत्तर चेंडू पडतात. म्हणजे आमच्या वर्गात भारत-पाकिस्तान सामना मधल्या सुट्टीत दोनदा व्हायचा आणि त्यात सलामीचा गावसकर आणि अकराव्या नंबरचा चंद्रशेखर अगदी सारखेच खेळायचे, कारण पुस्तकाला कोण खेळतंय हे कळत नाही. (पुस्तकाची पाठ मोडली की मात्र ते हटकून एकाच पानावर उघडायचं. ज्याचं पुस्तक त्याचा संघ हा नियम आम्ही त्यामुळेच रद्द केला. रडीचा डाव!)

तरीही मजा यायची. आणि खऱ्या क्रिकेटच्या जवळ जायला लागलं की ही मजा पातळ होत जाते. टेबलावरचा क्रीडा-खेळ रचणाऱ्या प्रत्येकाचा झगडा याच्याशी असतो. गेल्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्यासाठी मी फाशांवरचं कसोटी क्रिकेट करायला बसलो तेव्हा हे अंगावर आलं. पण आधी मोठ्यांनी काय केलं ते बघू.

इंग्लंडमध्ये 'आऊझॅट' नावाचा जुना खेळ आहे. छोट्या डबीत धातूचे दोन षटकोनी रूळ. पहिल्यावर 1, 2, 3, 4, 6 आणि सहाव्या बाजूवर अपील. अपील आलं तरच दुसरा रूळ फिरवायचा. त्यावर बोल्ड, कॅच, यष्टिचीत, पायचीत, आणि फलंदाजाला वाचवणारे नॉट आऊट व नोबॉल. सहात एकदा अपील, त्यातल्या सहापैकी चारदा बाद, म्हणजे नऊ चेंडूंत एक विकेट. नऊ चेंडूंत धावा 24. नुसता एक जास्तीचा रूळ, आणि विकेटमागच्या धावा बुक क्रिकेटच्या दुप्पट! शिवाय अपील आणि निकाल यांच्या मधला तो श्वास रोखलेला क्षण फुकटात मिळाला. हा दुसरा रूळ लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझी अब्रू वाचवली.

पण आऊझॅटलाही कोण खेळतंय ते कळत नाही. ते काम अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी केलं, आणि बेसबॉल त्यासाठी जणू मापात बसणारा खेळ आहे. फलंदाज येतो, त्याचं आणि गोलंदाजाचं, म्हणजे तिथल्या पिचरचं, एक द्वंद्व होतं, त्याचा एक निकाल लागतो: बाद झाला, एक बेस मिळाली, होमरन (तिथला षटकारच म्हणा) झाला. मग पुढचा. शंभर वर्षांचे हे निकाल वह्यांत नीट मांडून ठेवलेले.

1941 साली एथन ॲलन या माजी व्यावसायिक खेळाडूचा 'ऑल-स्टार बेसबॉल' बाजारात आला. प्रत्येक खेळाडूची पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्या कडेला निकालांचे लहानमोठे तुकडे पाडलेले आणि मध्ये फिरणारा काटा. जो जास्त होमरन मारतो त्याचा होमरनचा तुकडा रुंद. डोळ्यांनी बघूनच खेळाडू कळतो, सात वर्षांच्या पोरालाही. उणीव एकच, पण मोठी: समोर कोणीही गोलंदाज असो, काटा त्याच चकतीवर फिरणार. जगातला सर्वोत्तम गोलंदाज आणि शेजारचा बंड्या, दोघांनाही सारखाच मार.

ही उणीव ज्या मुलाला खटकली त्याचं नाव हॅल रिचमन. शाळकरी वयात त्याने स्वतःचा खेळ रचायला घेतला आणि 1961 मध्ये तो 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाने विकायला काढला. त्याची युक्ती कागदावर सांगायला फार सोपी आहे. फलंदाजाला एक कार्ड, पिचरलाही एक कार्ड. तीन फासे टाकायचे. पहिल्यावर 1 ते 3 आलं तर फलंदाजाच्या कार्डाचा तो रकाना बघायचा, 4 ते 6 आलं तर पिचरच्या कार्डाचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ सांगते. म्हणजे निम्म्या वेळा निकाल फलंदाजाच्या हातात, निम्म्या वेळा पिचरच्या.

दोन फाशांची बेरीज का? कारण 7 हे दान 36 पैकी सहा प्रकारे पडतं, 2 किंवा 12 फक्त एकाच प्रकारे. रोजच्या घडणाऱ्या गोष्टी मधल्या ओळींत लिहायच्या, दुर्मीळ गोष्टी कडेला. कार्डावर फक्त 33 घरं असतात, पण प्रत्येक घराचं वजन वेगळं. खेळणाऱ्याला गुणाकार-भागाकार दिसतच नाही. तो फक्त फासे टाकतो आणि बोट ठेवतो.

आता खरी गंमत. समजा एका फलंदाजाला हजार प्रयत्नांत 340 वेळा यश मिळतं, आणि सगळ्यांची सरासरी आहे 260. त्याच्या कार्डावर 340 लिहायचं? नाही. निम्म्या वेळा निकाल पिचरच्या कार्डावरून येणार, आणि तिथे तो सरासरी 260 च मिळवणार. 340 आणि 260 यांची सरासरी 300. म्हणजे आपला हिरो हंगामभर खेळून सामान्य होऊन बसेल. खेळाच्या शेवटी 340 यायचं असेल तर कार्डावर 420 लिहावं लागतं. शेवटचा आकडा खरा यावा म्हणून कार्डाने थोडं खोटं बोलायचं. टेबलावरच्या खेळातला खरेपणा असा असतो: सुटं कार्ड हातात घेऊन तपासलं तर ते चुकीचं वाटतं, दीडशे सामने खेळून झाल्यावर बरोबर निघतं.

रिचमनने आणखी एक शहाणपणा केला. क्षेत्ररक्षक किती चपळ, हे प्रत्येक फटक्याला बघायला लावलं नाही. पिचरच्या कार्डावर काही घरांत फक्त खूण आहे: इथे चेंडू अमुक क्षेत्ररक्षकाकडे गेला. ती आली तरच त्याचा दर्जा बघायचा आणि पुन्हा फासे टाकायचे. एरवी क्षेत्ररक्षक आमच्या गल्लीतल्या लिंबूटिंबूसारखा उभा, आहे पण हिशोबात नाही. आऊझॅटच्या दुसऱ्या रुळाचंच हे भावंड. पुढे या खेळाच्या साध्या, प्रगत आणि अतिप्रगत अशा पायऱ्या आल्या. डावखुऱ्या पिचरसमोर फलंदाज कसा खेळतो वगैरे तपशील ज्याला हवे त्याने वरच्या पायरीवर जावं, ज्याला जेवणाआधी एक सामना उरकायचाय त्याने खालच्या.

(बोटांच्या कसबावर चालणारे खेळ ही वेगळीच शाखा. 1947 साली इंग्लंडमध्ये पीटर ॲडॉल्फने आणलेला सबुटिओ हा फुटबॉल खेळाडूंच्या बाहुल्यांना बोटाने टिचकी मारून खेळतात. कॅरमवाल्याला तो लगेच कळेल. तिथे आकडेवारी नाही, तुमचं बोट हाच खेळाडूचा फॉर्म. आज तो विषय नाही.)

तर मी ठरवलं, रिचमनची निम्मानिम्मी पद्धत उचलायची आणि कसोटी क्रिकेटला लावायची. फलंदाजाचं कार्ड, गोलंदाजाचं कार्ड, काम फत्ते. भाच्याने पहिलंच फर्मान काढलं: "मामा, माझ्या टीममध्ये ब्रॅडमन."

ऑस्ट्रेलियाचा डॉन ब्रॅडमन: कसोटीत 80 डाव, 6996 धावा, सरासरी 99.94. करा कार्ड.

होत नाही! हिशोब बघा. सरासरी गोलंदाज 30 धावांमागे एक बळी घेतो. निम्म्या वेळा त्याचं कार्ड बघायचं, म्हणजे नुसत्या त्याच्या कार्डामुळे 60 धावांमागे एकदा ब्रॅडमन बाद होणारच. आता ब्रॅडमनच्या स्वतःच्या कार्डावर आऊट हा शब्दच लिहिला नाही, अख्खं कार्ड गणपतीच्या आरतीसारखं मंगल करून टाकलं, तरी त्याची सरासरी 60 च्या आसपास अडकते. निम्मानिम्मी पद्धतीत कोणीही सर्वसामान्याच्या दुपटीच्या वर जाऊच शकत नाही.

बेसबॉलमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथला सर्वोत्तमही सरासरीपासून इतका लांब नसतो. तिथला फलंदाज टेड विल्यम्स याने 1941 मध्ये हजारी 406 चा दर गाठला आणि तो आजही कौतुकाने सांगितला जातो. सर्वसामान्य 260 धरले तर त्याच्या कार्डावर 552 लिहावं लागेल. बेधडक लिहिता येतं. ब्रॅडमन मात्र सर्वसामान्याच्या तिप्पट आहे. एका खेळात चपखल बसलेली युक्ती दुसऱ्यात का मोडते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

इथे तो डबीतला दुसरा रूळ मदतीला आला. गोलंदाजाच्या कार्डावर बाद लिहायचंच नाही, अपील लिहायचं. अपील आलं की दोन फासे टाकायचे आणि फलंदाजाच्या कार्डावरचा आकडा बघायचा. सामान्य फलंदाजाचा आकडा 9: बेरीज 9 किंवा जास्त आली तर बाद. 36 पैकी 10 शक्यता. ब्रॅडमनचा आकडा 11: फक्त 3 शक्यता. 10 भागिले 3, म्हणजे तो सामान्यापेक्षा साधारण सव्वातीनपट टिकतो. 30 ची झाली 100. सरासरी काढण्याऐवजी गुणाकार केला, आणि हा गुणाकार खेळणाऱ्याला करावाच लागत नाही.

दुसऱ्या टोकाला भागवत चंद्रशेखर. 58 कसोटींत 242 बळी आणि धावा 167. बळी जास्त, धावा कमी! त्याचा आकडा 2, म्हणजे अपील झालं की बाद, फासे टाकायचीही गरज नाही. त्याने सरासरी येते आठच्या थोडी वर. खरी होती 4.07. मग कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं: धावा निम्म्या. चार झाली. कागदावर हे जुळलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला घरात जागं कोणी नव्हतं.

मग वेळेचा प्रश्न. कसोटीत दिवसाला 90 षटकं, पाच दिवसांची 450, चेंडू 2700. एका चेंडूला दहा सेकंद धरले तरी साडेसात तास. खऱ्या क्रिकेटला हे चालतं, कारण तिथे डबा खाता येतो, डुलकी काढता येते आणि समोर कोणीतरी राबत असतं. टेबलावर तुम्हीच राबता. शिवाय चेंडूगणिक खेळायचं तर बाद होण्याची शक्यता इतकी बारीक, साठात एक, की दोन फाशांच्या 36 घरांत ती मावत नाही.

म्हणून एक दान म्हणजे एक चेंडू नाही, एक षटक. षटकाला वीस सेकंद धरले तर पूर्ण पाच दिवसांची कसोटी अडीच तासांत होते, आणि साधारण तीन षटकांत एकदा अपील येतं. यात मी काय गमावलं? एका षटकात दोन बळी. हॅटट्रिक. शेवटच्या चेंडूवर एक धाव चोरून स्ट्राइक राखणं. यातली हॅटट्रिक मला फार बोचली, पण कसोटी इतिहासात ती इतकी क्वचित होते की तिच्यासाठी 2700 दानं टाकायला लावणं हा अन्याय. शेवटच्या पाच षटकांत सामना अटीतटीचा असेल तरच चेंडूगणिक खेळायचं, एवढी सवलत ठेवली.

मी एक मोठी चूकही केली. खेळपट्टी दर दिवशी खराब होते, ढग आले की चेंडू स्विंग होतो, गोलंदाज दमतो, नवा चेंडू 80 षटकांनी मिळतो, या सगळ्यांचे मी वेगवेगळे तक्ते केले. पहिल्या सामन्यात तिसऱ्या दिवशी भाचा मोबाइलवर दुसरंच काहीतरी खेळत होता. त्याचं म्हणणं रास्त होतं. ढग आले की आकडे बदलायचे, पण ढग आणायचे कोणी? फाशांनीच. त्याच्या हातात काहीच नव्हतं, तो माझा कारकून झाला होता. दमण्याचा नियम मात्र त्याला आवडला, कारण त्यात निर्णय होता: चंद्राला आणखी दोन षटकं द्यायची की चहापानानंतरसाठी राखायचं? तेव्हा मी तक्त्यांची छाटणी एका प्रश्नावर केली: या नियमामुळे कोणाला काही ठरवावं लागतं का? ढग गेले. दमणं राहिलं. खेळपट्टी राहिली, कारण तिच्यामुळे नाणेफेक जिंकून काय करायचं आणि डाव कधी घोषित करायचा हे ठरवावं लागतं.

एका नियमावर मात्र मी हट्टाने अडून राहिलो. प्रत्येक धावेला बाद होण्याचा धोका सारखाच आहे असं धरून ब्रॅडमनचे 80 डाव कागदावर मांडले, तर शतकं येतात साधारण 30. प्रत्यक्षात आहेत 29. इतकं जवळ! पण शून्यावर बाद किती वेळा? हिशोब सांगतो, अख्ख्या कारकिर्दीत जेमतेम एकदा. प्रत्यक्षात तो सात वेळा शून्यावर गेला. त्यातलं शेवटचं 1948 चं ओव्हलवरचं. चार धावा केल्या असत्या तर सरासरी बरोबर 100 झाली असती, एरिक हॉलिसने त्याचा त्रिफळा उडवला. म्हणजे धोका सारखा नसतो. नवा आलेला फलंदाज आणि जम बसलेला फलंदाज ही दोन वेगळी माणसं असतात.

याचा नेमका नियम करायचा तर धावांच्या टप्प्यांप्रमाणे बदलणारे आकडे हवेत, आणि ते लक्षात ठेवायला चौथी वही. मी एकच ओळ लिहिली: खातं उघडेपर्यंत सगळ्या खऱ्या फलंदाजांचा आकडा 9. ब्रॅडमनसुद्धा. याने 80 डावांत त्याची सात शून्यं येत नाहीत, दोन-तीन येतात, आणि सरासरीही दोनेक धावांनी घसरते. चालेल. एका ओळीत लक्षात राहणारा अर्धा खरेपणा मला चौथ्या वहीतल्या पूर्ण खरेपणापेक्षा परवडतो.

छोट्या नमुन्याचा घोळही असाच. वेस्ट इंडीजच्या अँडी गँटोमने 1948 मध्ये आपल्या एकमेव कसोटी डावात 112 धावा केल्या. सरासरी 112, ब्रॅडमनच्याही वर! कार्ड आकडेवारीप्रमाणे केलं तर जगातला सर्वोत्तम फलंदाज हाच. अशा वेळी त्याचा आकडा सर्वसामान्याकडे ओढावा लागतो: एका डावावर थोडा विश्वास, बाकी सगळा सरासरीवर. मी त्याला 10 दिला. भाच्याला हे बिलकुल पटलेलं नाही.

आणि काही गोष्टी कार्डात मावतच नाहीत. 7 जून 1975, लॉर्ड्स, पहिला विश्वचषक. इंग्लंडने 60 षटकांत 334 केल्या आणि उत्तरात गावसकर 174 चेंडूंत 36 वर नाबाद राहिला. सरासऱ्यांवरून बनवलेला कुठलाही खेळ हे दाखवणार नाही. तो निर्णय होता, आकडा नव्हता. माझ्या खेळात फलंदाज 'बचाव' म्हणू शकतो: अपिलांना तोंड देताना आकडा एकाने चढतो, धावा निम्म्या होतात. सलग साठ षटकं बचाव म्हणायला कोणी अडवत नाही. फक्त समोरचा भिडू उठून जाईल.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आमचा तिसरा सामना झाला. त्याचा ब्रॅडमन पहिल्याच षटकात अपिलावर सापडला, खातं उघडलं नव्हतं, फाशांची बेरीज आली 9.

"मामा, हे चीटिंग आहे. त्याचा आकडा 11 आहे."

मी सात शून्यांचा दाखला दिला. त्याने फोनवर तपासलं, आणि मग कार्ड उलटं ठेवलं. संध्याकाळी त्याच्या शेवटच्या जोडीला सामना वाचवायला शेवटच्या षटकातले सहा चेंडू काढायचे होते. जोडीत चंद्रशेखर, स्ट्राइकवर तोच. पाच दानं पडली, अपील नाही. सहाव्या दानाआधी त्याने फासे दोन्ही मुठींत धरले, फुंकर मारली, आणि मला म्हणाला, "तू बघू नकोस."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. फाशांचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"मामा, टेबलाखाली पडलेला फासा धरायचा का?"

हा नियम लिहायचा राहिला होता.